‘स्रोत : गूगल’ – मुलांच्या प्रदर्शनात मूळ कर्त्याचं नाव कसं शोधायचं, कसं लिहायचं?

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी मुलांच्या प्रदर्शनात हस्तकला विभागाच्या प्रवेशिका घ्यायला बसते. वस्तू टेबलावर ठेवून घ्यायची, कार्ड तपासायचं, क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची, एवढंच काम. कार्डावर चार रकाने असतात : नाव, वय, साहित्य आणि ‘नमुना कुठून घेतला’. धागा या चौथ्या रकान्यावर आहे.

यंदा त्यात आलेली उत्तरं आठवतील तशी देते. ‘गूगल’. ‘यूट्यूब’. ‘पिंटरेस्ट’ (म्हणजे लोकांनी जमवलेल्या चित्रांचं संकेतस्थळ). ‘आंतरजालावरून साभार’ (हे पालकांनी लिहून दिलेलं, अक्षरावरून कळतं). ‘मनाने’. एका छोट्याने ‘मावशीचा फोन’ असं लिहिलं होतं. खरं सांगायचं तर सगळ्यांत नेमकी माहिती त्याचीच होती.

आता मूळ प्रसंग. एका मुलीने क्रोशाचा ऑक्टोपस आणला होता. आठही पाय पिळदार, डोक्यावर इवलीशी टोपी. सातव्या पायाला लोकर संपली म्हणून तो अर्ध्यातून दुसऱ्या रंगात विणलेला. पहिला क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या, ऑक्टोपसपाशी बराच वेळ थांबल्या आणि मला म्हणाल्या, हा नमुना अमुक एका विणकर्तीचा आहे. ती तो ब्लॉगवर फुकट देते आणि बदल्यात एकच मागते : नाव लिहा. कार्डावर होतं ‘पिंटरेस्ट’. मुलगी तिथेच उभी होती. रडवेली होऊन म्हणाली, “पण मी लिहिलं होतं ना!”

तिने काही लपवलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कार्ड तर माझ्याच हातातून गेलं होतं. मी ‘पिंटरेस्ट’ वाचलं आणि चिठ्ठी चिकटवून मोकळी झाले.

तर प्रश्न असे : मूळ कर्ता शोधायचा कसा, नाहीच सापडला तर काय लिहायचं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून याबाबतीत किती अपेक्षा ठेवायची?

टिंब

‘मावशीचा फोन’ला माझ्यातर्फे विशेष पारितोषिक.

निवांतकाका

अहो, पोरं आहेत. हौसेने काहीतरी करतात, त्यात तुम्ही प्रबंधाची संदर्भसूची मागायला लागलात तर पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही. आंतरजालावर टाकलं म्हणजे लोकांनी पाहून करावं म्हणूनच टाकलं ना? त्या बाईंनाही दुसरा उद्योग नव्हता असं दिसतं.

घडीवार

निवांतकाका, पाहून करावं म्हणून टाकलं हे अगदी मान्य. पण नाव पुसून करावं म्हणून नाही टाकलं.

‘पिंटरेस्ट’ हे उत्तर कसं आहे सांगू? पुस्तक कोणाचं विचारलं की ‘कपाटातलं’ म्हणावं, तसं. खोटं नाही, पण उपयोगही नाही. पिंटरेस्टने काही विणलेलं नाही, गूगलने घडी घातलेली नाही. ती कपाटं आहेत.

मी ओरिगामीवाला, त्यामुळे हे दुखणं जुनं आहे. लोकांना वाटतं, कागदाच्या घड्या म्हणजे परंपरेने चालत आलेली गंमत. काही नमुने तसे आहेतच. होडी, क्रौंच, उडी मारणारा बेडूक यांचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही; तिथे ‘पारंपरिक’ लिहिलं की काम झालं. पण आज मुलं प्रदर्शनात मांडतात ते ड्रॅगन, कोळी, खवल्यांचे मासे कोणीतरी महिनोन्महिने कागद फाडून-फाडून बसवलेले असतात. त्याला रचनाकार म्हणतात आणि जगभरच्या ओरिगामीवाल्यांत शिरस्ता असा, की नमुना मांडताना दोन नावं द्यायची : रचना कोणाची आणि घडी कोणाची. पोराचं नाव दुसऱ्या जागी येतं, पण येतं. त्यात कमीपणा नाही. गायकाने बंदिश दुसऱ्याची गायली म्हणून त्याची मैफल कमी होते का?

एक गाजलेलं प्रकरण सांगतो. एका चित्रकर्तीने आपल्या मोठाल्या रंगीत चित्रांसाठी ओरिगामीतल्या घड्यांचे नकाशे वापरले. कागद पूर्ण उलगडल्यावर चुण्यांचं जे रेषाचित्र दिसतं, त्याला घड्यांचा नकाशा म्हणायचं. रचनाकारांची नावं कुठेच नव्हती. ओरिगामी रचनाकार रॉबर्ट लँग आणि आणखी पाच जणांनी २०११ साली अमेरिकेत दावा लावला. २०१३मध्ये तडजोड झाली, त्यात ठरलं की ती चित्रं मांडताना मूळ रचनाकारांची नावं द्यायची. आर्ट गॅलऱ्यांतली चित्रं होती हो ती, आणि भांडण शेवटी येऊन ठेपलं कशावर, तर कार्डावर काय लिहायचं यावर!

अजून एक. व्हिडिओ करणारा आणि रचनाकार हे बऱ्याचदा दोन वेगळे लोक असतात. व्हिडिओच्या खालचं वर्णन उघडून पाहा, ‘रचना : अमुक’ असं बहुतेक वेळा तिथे असतं. मुलं वर्णन उघडतच नाहीत. मोठेही नाहीत.

टिंब

घडीवार, +१. कपाटाचं उदाहरण ढापतोय. (श्रेय देऊन.)

लालपेन

लिहू की नको असं करत दोन दिवस गेले, पण या धाग्यावर हे यायला हवं.

मी बरीच वर्षं विज्ञान-प्रकल्पांची परीक्षक होते. एकदा दोन मुलांनी जवळजवळ सारखंच चालणारं यंत्र आणलं होतं. पुठ्ठ्याचं धड, दांडीला रबरबँडचा पीळ, चार वाकडे पाय. पहिल्याच्या तक्त्यावर लिहिलं होतं : ‘मूळ कल्पना अमुक वाहिनीवरची. मी पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावले, कारण मूळ पाय गुळगुळीत फरशीवर घसरत होते.’ दुसऱ्याच्या तक्त्यावर उगमाबद्दल अक्षर नव्हतं. तोंडी विचारलं तर ‘मीच सुचवलं’.

गुणपत्रकात ‘नावीन्य’ नावाचा रकाना, दहापैकी. मी पहिल्याला चार दिले आणि दुसऱ्याला आठ.

संध्याकाळी दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी ठेवलेली पाहिली. रबरबँड अडकवायची खुंटी दोघांनीही धडाच्या डाव्या बाजूला, कडेपासून तेवढ्याच अंतरावर ठोकली होती. दोघांचा गुरू एकच वाहिनी. फरक इतकाच, की एकाने सांगितलं आणि त्यावर स्वतःची अक्कल लढवली. दुसऱ्याने गप्प राहून तेच केलं. आणि मी बोलणाऱ्याचे सहा गुण कापले. गुणपत्रकं तोवर जमा झाली होती. नंतर बदलली नाहीत, बदलायची सोय नव्हती असं मी स्वतःला सांगितलं.

तो मुलगा पुढच्या वर्षी आला होता. तक्त्यावर उगमाचा उल्लेख नव्हता.

म्हणून निवांतकाकांना माझं सांगणं : मुलांकडून जास्त अपेक्षा नकोत हे बरोबर, पण आधी आपली गुणपत्रकं बघा. आपण लपवायला बक्षीस देतो आणि मग मुलं लपवतात म्हणून ओरडतो. मी नंतर जिथे-जिथे परीक्षक होते तिथे भांडून ‘नावीन्य’ काढायला लावलं. त्याच्या जागी : ‘मूळ काय होतं, आणि तू त्यात काय केलंस?’ दुसऱ्या भागाला गुण; पहिला भाग कोरा असेल तर दुसऱ्याला शून्य. एवढ्याशा बदलाने तक्ते बदलले. मुलं फुशारकीने लिहायला लागली, की मूळ व्हिडिओत हे चुकलंय.

निवांतकाका

लालपेन, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो जरा. खुंटीची गोष्ट लागली. ठीक आहे, गुणपत्रकाचं पटलं. पण व्यवहाराचं बोला. समजा नाव लिहिलं. म्हणजे सगळं कायदेशीर झालं का? माझ्या नातवाने एका छायाचित्राची पोस्टरएवढी प्रत काढून त्याखाली छायाचित्रकाराचं नाव घातलं होतं. तरी त्याला परत पाठवला.

साक्षेपी

काका, परत पाठवला ते बरोबरच होतं. श्रेय आणि परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा घोळ त्या एक समजल्याने होतो. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि दांडीला ‘ही शेजाऱ्यांची आहे’ अशी पाटी लावली, तर ती पाटी खरी असते, सायकल मात्र न विचारताच नेलेली असते. उलट बाजूही खरी : परवानगी मिळाली म्हणून नाव गाळायची मुभा मिळत नाही. प्रताधिकाराबद्दलच्या बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारात (करार १८८६चा) कर्त्याने ‘हे माझं’ म्हणण्याचा हक्क १९२८ साली वेगळं कलम घालून आणला. आर्थिक हक्क विकून टाकले तरी तो शिल्लक राहतो, असं ते कलम म्हणतं.

मुलांसाठी सोपी वाट म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचं साहित्य शोधणं. संस्था २००१ची, पहिले परवाने डिसेंबर २००२चे. कर्ता आधीच सांगून ठेवतो की काय चालेल आणि काय नाही. ‘बीवाय’ म्हणजे नाव द्या. ‘एसए’ असेल तर तुम्ही बदल करून जे कराल तेही त्याच अटींवर खुलं ठेवा. ‘एनडी’ असेल तर बदललेली आवृत्ती वाटू नका. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. या शेवटच्यावर प्रदर्शनवाल्यांनी डोळा ठेवावा, कारण काही ठिकाणी प्रदर्शन संपल्यावर मुलांच्या वस्तू विकायला ठेवतात. टेबलावर मांडेपर्यंत ठीक, विकायला काढली की ‘एनसी’ आड येतं.

श्रेयात चार गोष्टी आल्या की पुरे : कृतीचं नाव, कर्त्याचं नाव, दुवा, परवाना. आणि बदल केले असतील तर ‘बदल केले’ हे दोन शब्द. ते विसरू नका. कर्त्याने न केलेल्या चुका त्याच्या नावावर जाऊ नयेत म्हणून ते असतात.

विकिपीडियावरचं चित्र असेल तर ‘स्रोत : विकिपीडिया’ लिहून थांबू नका. चित्रावर टिचकी मारा, विकिमीडिया कॉमन्सच्या (विकिपीडियाच्या चित्रसंग्रहाच्या) पानावर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना दोन्ही असतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

अवांतर : कल्पनेवर प्रताधिकार नसतो, मांडणीवर असतो. ज्वालामुखीचा किंवा लिंबावर दिवा पेटवायचा प्रयोग कोणाच्याही मालकीचा नाही. पण तो समजावणारी कोणाची आकृती जशीच्या तशी तक्त्यावर चिकटवली, तर ती आकृती त्याची.

कोडगा

आमच्या कोडिंग विभागात चोप्य-पस्ते (कॉपी-पेस्ट) हा धर्म आहे, त्यामुळे बोलतो.

गंमत अशी की सगळ्यांत सोपी सोय आमच्याचकडे आहे. स्क्रॅचवर (मुलांसाठी ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं संकेतस्थळ, एमआयटीवाल्यांचं, २००७पासून) दुसऱ्याचा प्रकल्प उघडून ‘रीमिक्स’ दाबलं, की मूळ कर्त्याचं नाव आपोआप वर झळकतं. तिथे शेअर केलेले प्रकल्प ‘बीवाय-एसए’ परवान्यावरच असतात. तरी हुशार पोरं काय करतात? रीमिक्स न दाबता सगळे ठोकळे बघून-बघून नव्याने रचतात. नाव टाळायला जेवढी मेहनत घेतात तेवढ्यात नवा खेळ झाला असता.

मोठ्या मुलांचं वेगळं. ते गिटहबवरून (तिथे लोक आपले प्रोग्राम ठेवतात) रोबोचा प्रोग्राम उचलतात आणि पहिलं काम म्हणजे फाइलच्या डोक्यावरच्या ओळी खोडायच्या. नेमक्या त्याच ओळींत कर्त्याचं नाव आणि परवाना असतो. एमआयटी परवाना अगदी उदार : वापरा, बदला, विका, काय वाटेल ते करा, फक्त ही सूचना प्रतींमध्ये ठेवा. एकच अट, आणि पोरं तीच मोडतात. पकडायला मी काही करत नाही. एखादा आकडा दाखवून विचारतो, “हा विलंब २५०च का?” ज्याने स्वतः खेळून पाहिलंय तो सांगतो, की २००ला सेन्सर दचकतो. बाकीचे छताकडे बघतात.

आता नवा पाहुणा : चॅटबॉट. त्याचंही लिहायला लावा. कोणतं साधन, काय विचारलं, त्यातलं काय ठेवलं. आणि त्याने दिलेली संदर्भांची यादी तपासल्याशिवाय तक्त्यावर नको. न लिहिली गेलेली पुस्तकं तो आत्मविश्वासाने सांगतो. एका मुलाच्या पाच संदर्भांपैकी तीन दुवे कुठेच उघडत नव्हते. त्याला वाटलं आमचं वायफाय मंद आहे.

दोघांची_आई

शोधायचं कसं, यावर अजून कोणी बोललं नाही, म्हणून आमचा अनुभव.

धाकटीला पुठ्ठ्याच्या नळ्यांचं घुबड करायचं होतं. चित्र पिंटरेस्टवरचं, कोपरा कापलेलं, म्हणजे तिथे कोणाचं तरी नाव होतं. पिनवर टिचकी मारली तर जाहिरातींनी भरलेलं पान, ‘मुलांसाठी पन्नास कल्पना’ छाप. तिथे घुबडाखाली आणखी एका तशाच पानाचा दुवा. तिसऱ्या पानावर रस्ता बंद.

मग चित्रावरून उलटा शोध घेतला. गूगलवर होतोच, पण मला टिनआय जास्त उपयोगी पडलं, कारण तिथे निकाल जुन्यात जुना आधी असे लावता येतात. जुन्यात जुना म्हणजेच मूळ असं मात्र नव्हे. त्यांना तो आधी सापडला एवढंच. एका निकालात चित्राचा कोपरा शाबूत होता आणि त्यात ब्लॉगचं नाव. ब्लॉग बंद पडलेला. पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकला. ते पानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवतं, २००१पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. आणि घुबड मिळालं! खाली कर्तीने लिहिलं होतं, की पंखांची कल्पना तिने तिच्या शिक्षिकेकडून घेतली. धाकटीने विचारलं, “मग शिक्षिकेने कुठून घेतली?” म्हटलं, आता झोप.

सगळ्याला मिळून पाऊण तास लागला. दर वेळी एवढं जमेल असं नाही. आमच्या घरचा नियम असा : तीन ठिकाणी शोधायचं. नाही सापडलं तर ‘मूळ कर्ता सापडला नाही, चित्र अमुक पानावर अमुक तारखेला पाहिलं’ असं लिहायचं. तारीख यासाठी, की पान उद्या उडालं तरी आपण हवेतलं बोलत नव्हतो हे राहतं.

आणि एक कळकळीची विनंती. सुरुवात करतानाच पत्ता वहीत लिहून ठेवा. प्रवेशिकेच्या आदल्या रात्री साडेदहाला ‘आई, ते कुठे पाहिलं होतं गं?’ यासारखा प्रश्न जगात नाही.

निवांतकाका

दोघांची_आई, तुमच्या धाकटीचा प्रश्न बरोबर आहे. याला अंत कुठे?

घडीवार

काका, जिथे तुमच्या हाताला नमुना लागला तिथपर्यंत, आणि त्या माणसाने ज्याचं नाव घेतलं तिथपर्यंत. दोन पायऱ्या. त्यापुढे वंशावळ काढायची गरज नाही.

साक्षेपी

दोन पायऱ्यांना अनुमोदन.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. अपेक्षेपेक्षा फारच कामाचं मिळालं. थोडी पुढची हकीकत.

ती मुलगी आणि मी, दोघींनी बसून त्या विणकर्तीचा ब्लॉग शोधला. भेट देणाऱ्या बाईंनी नाव सांगितल्यामुळे फार वेळ लागला नाही. नमुन्याच्या पानावर अट स्पष्ट होती : विणा, भेट द्या, मांडा, पण माझं नाव आणि या पानाचा दुवा लिहा, नमुन्याचा मजकूर स्वतःच्या पानावर टाकू नका. मुलीने ते स्वतः वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला : “सातवा पाय मी दुसऱ्या रंगात केला, ते पण लिहायचं?” लिही म्हटलं.

कार्ड नव्याने लिहिलं. चौथा रकाना एका बोटाएवढा, त्यात मावेना, म्हणून तिने बाण काढून मजकूर मागच्या बाजूला नेला. कर्तीचं नाव, ब्लॉगचं नाव, पाहिल्याची तारीख. त्याखाली : ‘नमुन्यात पाय २० टाक्यांचे आहेत. मी २६ केले कारण मला लांब पाय आवडतात. म्हणून लोकर संपली. टोपी माझी.’ ‘टोपी माझी’खाली दोन रेघा.

क्रमांक तसाच ठेवला. समितीत दोन मतं होती. एकांचं म्हणणं, नियम म्हणजे नियम. शेवटी असं ठरलं की नियम आम्हीच तिला सांगितला नव्हता. पुढच्या वर्षीपासून चौथा रकाना मोठा होणार आणि प्रश्न बदलणार : ‘मूळ कोणी केलं? कुठे पाहिलं? तू काय बदललंस?’ लालपेन, गुणपत्रकासाठी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

विणकर्तीला ऑक्टोपसचा फोटो पाठवायचं मुलीच्या मनात होतं. तिच्या आईला विचारून आईच्याच पत्त्यावरून पाठवला. अजून उत्तर नाही.

कोडगा

‘टोपी माझी’ :)

लालपेन

व्यनि पाहिला. उद्या निवांत लिहिते. तोवर एकच : प्रश्न वस्तू स्वीकारताना टेबलावर विचारू नका, नावनोंदणीच्या अर्जातच छापा. टेबलाशी येईपर्यंत मुलं विसरलेली असतात.

टिंब

सगळं ठीक, पण ‘मावशीचा फोन’चं काय झालं?

सुईदोरा

टिंब, तुम्ही विचारणार हे माहीत होतं. मावशीला फोन केला. त्यांना तो व्हिडिओ ढकलपत्रातून आला होता, जाऊबाईंकडून. जाऊबाईंना त्यांच्या भिशीच्या गटातून. गटात तो ज्यांनी टाकला त्या सध्या प्रवासात आहेत, आल्या की विचारून कळवतील. दोन पायऱ्यांचा नियम कधीच ओलांडला, पण आता मलाच राहवत नाहीये.